तिसरा पुकारा

आमचे घरमालक जेवायला तिसऱ्या हाकेला येत. पहिल्या हाकेला ते मान वर करीत, दुसऱ्या हाकेला चष्मा काढून खिशात ठेवीत आणि तिसरी हाक पुरती संपली की उठत. कितीही भूक लागलेली असली तरी यात फरक पडत नसे. आमटीच्या फोडणीचा वास ओट्यापर्यंत आलेला असायचा, ते दोनदा चोरून स्वयंपाकघराकडे बघायचे, पण बूड हलवायचे नाहीत.

“कोर्टात पहिल्या पुकाऱ्याला धावत सुटतो त्याला कोणी विचारत नाही, मास्तर,” ते मला म्हणत. “आणि तिसऱ्यानंतर पोचतो त्याचा दावा काढून टाकतात. या दोहोंच्या मधे जी जागा आहे तिथं उठायचं.”

आतून त्यांच्या पत्नीचा, म्हणजे आमच्या काकूंचा आवाज यायचा, “अहो, तिसरी हाक मारतेय हो! यानंतर आमटी निकाली काढणार!”

मग ते उठत.

सत्तरच्या दशकाच्या मध्याला मी भिवंडीत शाळामास्तर म्हणून आलो आणि या घराच्या पुढच्या खोलीत भाडेकरू झालो. घरमालक दिवाणी कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेले होते. गावात त्यांना सगळे नाझरसाहेबच म्हणत. त्यांचं खरं नाव पोस्टमनला तरी आठवत होतं की नाही, शंका आहे. नाझर म्हणजे कोर्टाच्या हुकमांची अंमलबजावणी करणारा माणूस. न्यायाधीशांनी वर बसून निकाल द्यायचा आणि खाली नाझराने बेलीफ पाठवून कुणाची भांडी, कुणाची बैलगाडी, कुणाचं शिवणयंत्र जप्त करून आणायचं, सांभाळायचं आणि हुकूम होईल त्याच्या ताब्यात द्यायचं. नाझरसाहेबांनी हे काम इतक्या निष्ठेने केलं होतं की निवृत्तीनंतर ते थांबवायचं असतं हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

त्यांचा एक काळा कोट होता. नोकरीत तो रोज अंगावर असायचा, निवृत्तीनंतर फक्त सरकारी स्वरूपाच्या कामांसाठी बाहेर निघे. कोणतं काम सरकारी स्वरूपाचं, हे तेच ठरवीत. पडवीच्या वाशाला गांधीलमाश्यांनी पोळं केलं तेव्हा नाझरसाहेबांनी कोट चढवून खालच्या खांबावर नोटीस डकवली. सदर जागा मुदतीत खाली करावी, नपेक्षा ताबा घेण्यात येईल. माश्यांनी दाद दिली नाही. नाझरसाहेबांनी मुदत वाढवून दिली. या वाढीव मुदतीत काकूंना एक आणि मला दोन माश्या चावल्या. शेवटी काकूंनी खराट्याला पलिता बांधून पोळं जाळलं, तेव्हा नाझरसाहेब खऱ्या दुःखाने म्हणाले, “अपिलाची मुदत बाकी होती गं.”

घरात काही पडलं, फुटलं, सांडलं की पंचनामा होई, आणि पंच म्हणून मला बोलावलं जाई. मी इतिहास शिकवायचो. घडून गेलेल्या गोष्टी आपल्या डोळ्यांदेखत घडल्या असं सांगण्याची मला सवय होती. त्यामुळे मी चांगला पंच होतो. दुसरा पंच म्हणून काकू सही करायच्या, पण “बायकोची साक्ष कच्ची,” असं नाझरसाहेब बजावून ठेवीत.

त्यांचे नियम बरेच होते. त्यातले तीन इथं सांगून ठेवायला हवेत, कारण पुढचा सगळा घोटाळा या तिघांनी मिळून केला.

एक असा की जप्तीतली वस्तू नाझराने स्वतः वापरायची नाही. त्यांच्या कचेरीच्या कोठीत म्हणे जप्त केलेलं एक भिंतीवरचं घड्याळ बराच काळ टांगलेलं होतं आणि ते उत्तम चालायचं. पण नाझरसाहेबांनी त्यात कधी वेळ पाहिली नाही. समोर घड्याळ असताना ते शिपायाला बाहेर पाठवून वेळ विचारून आणीत. “बघणं म्हणजे वापरच की,” त्यांचं म्हणणं. दुसरा नियम, ओल्या मालाचा पंचनामा करायचा नाही. माल आधी स्वच्छ करून वाळवायचा, मग वर्णन लिहायचं. आणि तिसरा, हातात वॉरंट नसताना दुसऱ्याच्या आवारात पाऊल टाकायचं नाही.

हा तिसरा नियम ते इतका कडक पाळत की परसातल्या भिंतीपलीकडे जो लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना होता, त्यात ते इतक्या वर्षांत एकदाही गेले नव्हते. भिंतीला भिंत लागून होती. सकाळी लूम सुरू झाले की आमच्या फळीवरचे पेले जागच्या जागी नाचत. बोलणं ओरडून करावं लागे. भिवंडीत शांतता ही फक्त शुक्रवारी मिळणारी वस्तू होती, कारण त्या दिवशी लूम बंद असत. पण भिंतीपलीकडे कोण आहे, काय आहे, याची नाझरसाहेबांना ऐकीव माहितीच होती. ऐकीव माहिती ते पुरावा मानीत नसत.

तर अशाच एका शुक्रवारी सकाळी नाझरसाहेब परसात दात घासत असताना त्यांना भिंतीवर एक मांजर दिसलं. पांढरंफटक. अंगावरचे केस ताठ, काड्यांसारखे उभे. डोळे मिटलेले, पाय चारी दिशांना पसरलेले. नाझरसाहेबांनी तोंड न धुताच काकूंना हाक मारली.

“अगं, कुणा हरामखोराने मुक्या जिवावर चुना ओतलाय बघ!”

काकू आल्या. त्यांनी मांजराला हात लावला. केस कडकड वाजले. मांजराने एक डोळा उघडून काकूंकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला. नाझरसाहेबांच्या मते ते शेवटच्या घटका मोजत होतं. त्यांनी ते टोपलीत घेतलं, काकूंनी कोमट पाण्यात शिकेकाई घालून त्याला चोळलं. मांजराने काकूंना ओरबाडलं, नाझरसाहेबांना ओरबाडलं आणि शेवटच्या घटका मोजणाऱ्याला न शोभेल अशी किंकाळी फोडली. मोरीतून पेजेसारखं पांढरं पाणी वाहिलं. दुसऱ्या पाण्याला मांजर करडं झालं आणि तिसऱ्या पाण्याला काळंभोर.

मी शाळेतून आलो तेव्हा काळं मांजर पडवीत उन्हाला वाळत घातलेलं होतं. ते पुरतं कोरडं झाल्याची खात्री करून नाझरसाहेबांनी पंचनामा लिहिला. ‘एक मांजर, मादी, रंग काळा, उजव्या कानास खाच, बेवारस.’ मी सही केली. मी काळंच मांजर पाहिलं होतं.

काकूंनी तेवढ्यात वाटीत दूध ओतलं होतं. “गोड आहे हो. राहू दे घरातच. मला काय जड होणारेय?”

नाझरसाहेबांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू काकूंनी कोठीतल्या घड्याळात वेळ पाहिली होती.

“ही जंगम मिळकत आहे,” ते म्हणाले. “आपण ताबेदार. जो सांभाळतो त्याला स्वतः घेता येत नाही.”

“मग सोडून द्या भिंतीवर.”

“बेवारस मिळकत सोडून देता येत नाही.”

“मग करणार काय?”

“योग्य इसम शोधून त्याच्या ताब्यात देणार. रीतसर सुनावणी घेऊन.” हे बोलताना त्यांचा आवाज जरा बदलला. मग काकू आत गेल्यावर ते मला हळूच म्हणाले, “मास्तर, जन्मभर दुसऱ्यांचे निकाल राबवले. चांगले राबवले, वाईटही राबवले. एका म्हातारीचा पाटा-वरवंटा उचलून आणला होता आम्ही. निकाल चुकीचा होता, मला ठाऊक होतं, पण मी खाली बसणारा माणूस. एक तरी निकाल आपला स्वतःचा असावा असं वाटतं. आणि बरोबर असावा.”

मला हसू यायला हवं होतं. पण पाटा-वरवंट्याचं त्यांनी याआधी कधी सांगितलं नव्हतं.

मांजराचा मुक्काम स्वयंपाकघरातल्या जाळीच्या कपाटात पडला. दारं लावून काकू त्याला घरात मोकळं सोडायच्या. ते दूध प्यायचं आणि दिवसभर परसाकडच्या भिंतीला तोंड लावून बसायचं. पलीकडे लूमचा धडधडाट, अलीकडे हे, कान टवकारून.

“सारखी भिंतीकडे काय बघते ही?” काकू म्हणाल्या.

“पूर्वायुष्य आठवत असेल,” नाझरसाहेब म्हणाले. त्यांचं चुकलं नव्हतं, पण ते त्यांना माहीत नव्हतं.

जप्तीच्या मालाची जाहीर खबर देताना दवंडी पिटायची पद्धत असते. नाझरसाहेबांनी कोर्टाच्या काळातला त्यांचा दवंडीवाला शोधून काढला. तो आता लग्नात ताशा वाजवायचा. नाझरसाहेबांनी कोट चढवला आणि दोघं गल्लीगल्लीतून निघाले. पंच म्हणून मी मागे. दवंडीवाला जीव खाऊन ढोल बडवीत होता आणि “ऐका हो ऐका” म्हणून ओरडत होता, पण दोन्ही बाजूंना लूम चालू होते. त्याचं तोंड उघडताना आणि मिटताना दिसत होतं, एवढंच. एका चौकात तो थांबला आणि माझ्या कानाला तोंड लावून ओरडला, “मास्तर, मी म्हनतोय काय ते साहेबांना विचारा, माझं मलाच ऐकू येत न्हाय!” लोकांना वाटलं नाझरसाहेबांच्या घरात लग्न निघालं. दोघांनी अभिनंदन केलं.

मग दवंडी शुक्रवारी पिटली गेली. त्या शांततेत ती अशी घुमली की लोक दचकून बाहेर आले. काळं मांजर द्यायचं आहे, ज्या कोणास हवं असेल त्याने पुढच्या शुक्रवारी नाझरसाहेबांच्या ओट्यावर हजर राहावं.

आमच्याकडे लोक मांजराला भितात, आणि काळ्या मांजराला जास्तच. त्यामुळे तीनच अर्जदार आले. ओट्यावर एक टेबल आणि खुर्ची मांडली होती. नाझरसाहेब खुर्चीत बसले, मग उठले, खुर्चीखाली पाट ठेवला आणि पुन्हा बसले. आता ते आमच्यापेक्षा थोडे वर होते. पुकारा करायचं काम मला मिळालं.

पहिले गृहस्थ एका पतपेढीचे चेअरमन होते. ते फेटा बांधून आले होते आणि त्यांच्याबरोबर फोटोग्राफरही होता. मांजर हवं आहे असं नव्हतं. मुक्या प्राण्याचा स्वीकार करताना फोटो हवा होता. टोपलीचं झाकण उघडल्यावर ते मागे सरले.

“अगदीच काळं आहे हो. फोटोत उठणार नाही.”

“अर्जदाराने मिळकतीच्या रंगास हरकत घेतली,” नाझरसाहेब म्हणाले. “अर्ज नामंजूर.”

चेअरमन म्हणाले, “मग निदान निकाल देताना तुमचा एक फोटो घेऊ?” नाझरसाहेबांना मोह झाला, हे मी पाहिलं. त्यांनी कोटाचं वरचं बटण लावलंसुद्धा. पण काकूंनी आतून खोकून दाखवलं आणि ते सावरले.

दुसरा जवळच्या कोन गावचा एक शेतकरी होता. टोपी हातात घेऊन तो उभा राहिला तो बसेचना.

“सायेब, उंदरांनी भाताची पार वाट लावलीय. कनगीच्या बुडाला भोक हाय. मांजर मारतंय का न्हाय, तेवरं सांगा. काळं असू दे नायतर निळं असू दे.”

“मारहाण करणार नाही ना त्याला?”

“मी कशाला मारीन? माझी बायको मलाच मारतेय,” तो म्हणाला. ओट्यावर हशा झाला. नाझरसाहेबांनी टेबलावर चमचा वाजवून शांतता करवली.

तिसरे होते भिंतीपलीकडच्या कारखान्याचे चाचा. लुंगी, बनियन, दाढी, भुवया, कानातले केस, सगळ्यावर सुताची पांढरी बुरशी धरलेली. उत्तरेकडून तरुणपणी आले आणि लूम चालवता चालवता चार लूमचे मालक झाले. कमालीचे दुःखी दिसत होते.

“नाझरसाब, हमारे यहाँ एक बिल्ली थी। चांदनी। कारखान्यातच जन्मली, बाहर की दुनिया नहीं देखी उसने। सफेद, एकदम दूध जैसी। कुछ दिन पहले गायब हो गयी।” चाचांच्या बोलण्यात मराठी-हिंदी एकमेकांच्या हातात हात घालून चालत. “सुताला कांजी लावलेली असते ना, चूहे को बहुत पसंद। चांदनी होती तोवर एक चूहा दिसत नव्हता. आता बीमवरचा ताणा, सगळं उभं सूत, कुरतडून टाकतात. एक लूम सुरू करतो, दुसरा बंद पडतो. चांदनी तो गयी, अब ये काली दे दो। रंग का क्या है।”

“तुमचं आधीचं मांजर तुमच्या ताब्यातून गेलं?” नाझरसाहेबांनी विचारलं.

“हां साब.”

“कसं गेलं?”

“अल्ला जाने। कोई उठा के ले गया होगा। ऐसी सफेद बिल्ली कौन छोडेगा?”

नाझरसाहेब विचारात पडले. मग त्यांनी घसा साफ केला आणि अत्यंत गंभीरपणे सांगितलं की, ज्या इसमाच्या ताब्यातून एक मांजर गहाळ झालं, त्याच्या ताब्यात दुसरं मांजर देणं न्यायाला धरून होणार नाही. शिवाय कारखान्यात आवाज फार. मांजर नाजूक, कुणा दुष्टाने चुना टाकून छळलेलं. त्याला शांत जागा हवी. मांजर कोनच्या अर्जदारास. ताबा उद्या सकाळी.

 चाचांनी टोपलीच्या जाळीतून एक बोट आत घातलं. मांजर ते बोट चाटू लागलं.

“काली है, पर अच्छी है,” चाचा म्हणाले आणि निघून गेले.

काकू ओट्याच्या दारात उभ्या होत्या. “बोट चाटलं हो तिनं. आपल्याला तर ओरबाडते.”

“लाच,” नाझरसाहेब म्हणाले. “बोटाला कांजी असणार.”

दुसऱ्या दिवशी शनिवार. ताबा देण्यासाठी नाझरसाहेब कोट घालून, कपाळाला गंध लावून सज्ज होते. परसात टोपली ठेवली होती. कोनचा शेतकरी टोपलीला झाकण म्हणून आपला पंचा गुंडाळत होता. मी सुपूर्दनाम्यावर सही करायला पेन काढलं. नाझरसाहेबांनी “सदर मांजर” एवढं म्हटलं आणि शुक्रवारची सुट्टी संपून पलीकडे पहिला लूम सुरू झाला.

खट. खटखट. खटखटखटखट.

पंचा उडाला. टोपली आडवी झाली. काळी रेघ ओढावी तसं मांजर भिंतीवर गेलं आणि पलीकडे, कारखान्याच्या खिडकीतून आत दिसेनासं झालं.

“सायेब, माझं मांजर!” शेतकरी ओरडला.

आम्ही सगळे वळसा घालून धावलो. काकू पदर खोचून पुढे, मग शेतकरी, मग मी. कारखान्याच्या दारात आम्ही आत घुसलो आणि मागे वळून पाहिलं तर नाझरसाहेब उंबऱ्याबाहेर खिळल्यासारखे उभे. हातात वॉरंट नव्हतं. त्यांनी तिथूनच तोंडाशी हात धरून मांजराचा पुकारा सुरू केला. आत चार लूम धडधडत होते. त्यांचं तोंड उघडताना आणि मिटताना दिसत होतं, एवढंच. पहिला पुकारा झाला असावा. दुसरा झाला असावा.

चाचांनी त्यांना पाहिलं, लूम थांबवले आणि हात जोडून म्हणाले, “आईये ना साब, अंदर आईये। घर आपका है।”

मालकाची परवानगी मिळाल्यावर नाझरसाहेबांनी उजवा पाय आत टाकला. आयुष्यात पहिल्यांदा ते भिंतीची दुसरी बाजू बघत होते. छपरापासून जमिनीपर्यंत सगळं पांढरं होतं. दिव्याच्या तारांना सुताच्या दाढ्या लोंबत होत्या. कारागिरांच्या पापण्या पांढऱ्या होत्या. कोपऱ्यात लूमखालून झाडून काढलेल्या कचऱ्याचा, कांजीच्या भुकटीचा आणि सुताच्या बुरशीचा, गुडघाभर ढीग होता आणि त्या ढिगात आमचं काळं मांजर पाठीवर पडून लोळत होतं. ते डावीकडे लोळलं. उजवीकडे लोळलं. उठलं, अंग झाडलं, आणि पांढरंफटक होऊन तिसऱ्या लूममागच्या खोक्यावर जाऊन बसलं.



“या खुदा,” चाचा म्हणाले. “ये तो हमारी चांदनी है!”

कारागीर हसायला लागले. एकाने “चांदनी! चांदनी!” म्हणून तिला उचललं. शेतकरी डोकं खाजवत म्हणाला, “म्हंजी ती काळी कुठं गेली?” काकूंनी पदर तोंडाला लावला, त्या हसत होत्या. मी नाझरसाहेबांकडे पाहिलं. ते मांजराकडे बघत नव्हते. आपल्या कोटाच्या बाहीकडे बघत होते. एवढ्या वेळात त्यावर पांढरी बुरशी बसायला लागली होती. त्यांनी बोटाने ती थोडी पुसली. खाली काळं होतं.

“चुना नव्हता,” ते एवढंच म्हणाले.

मग काही दिवस घरात पंचनामे झाले नाहीत. नाझरसाहेब पहिल्याच हाकेला जेवायला यायचे. काकू घाबरल्या. “मास्तर, ह्यांना काहीतरी होतंय हो. काल तर मी हाक मारायच्या आधीच पाटावर येऊन बसले.”

पुढच्या शुक्रवारी त्यांनी ओट्यावर पुन्हा टेबल मांडलं. खुर्चीखालचा पाट काढून ठेवला. चाचांना बोलावलं, कोनच्या शेतकऱ्याला निरोप धाडून आणवलं. मला पंच म्हणून बसवलं. स्वतः ते टेबलासमोर, आरोपीच्या जागी उभे राहिले. मग टेबलामागे जाऊन बसले. मग पुन्हा समोर उभे राहिले. दोन्ही जागा त्यांच्याच असल्यामुळे जरा धावपळ झाली, पण ती त्यांनी सन्मानाने केली.

निकाल तोंडी होता. सदर मांजर बेवारस नव्हतं. ते चालू नोकरीत होतं आणि घटनेच्या दिवशी साप्ताहिक सुट्टीवर होतं. आरोपीने शेजारी राहूनही कधी पलीकडे डोकावून चौकशी केली नाही, मालकाच्या ताब्यातली मिळकत उचलली, तिचं रूप बदललं आणि मूळ मालक समोर आला असता त्याचा अर्ज फेटाळला. सबब मांजर चाचांकडे कायम. कोनच्या अर्जदारास पहिल्या वेतातलं एक पिल्लू. आणि आरोपीने यापुढे दर शुक्रवारी, कारखाना बंद असताना, वाटीभर दूध घेऊन मांजरासमोर जातीने हजेरी द्यावी. मुदत, मांजर हयात असेतोवर.

“अरे साब, क्या बात करते हो,” चाचा कळवळून म्हणाले. “मिल गयी ना बिल्ली? छोडो. चाय पिओ.”

“चहा नंतर,” नाझरसाहेब म्हणाले. “आधी सांगा, निकाल मान्य आहे? अपील करायचंय?”

“नहीं साब. मंजूर.”

नाझरसाहेब खुर्चीत बसले आणि त्यांनी हुश्श केलं. काकू दारातून म्हणाल्या, “म्हणजे दर शुक्रवारी मांजराला भेटायला जाणार, एवढंच ना? मग सरळ तसं सांगा की.”

“भेट वेगळी आणि हजेरी वेगळी,” नाझरसाहेब म्हणाले. त्या दिवशी ते जेवायला तिसऱ्या हाकेला आले.

मी भिवंडीत होतो तोवर ही हजेरी एकदाही चुकली नाही. शुक्रवारी सकाळी नाझरसाहेब कोट घालून, दुधाची वाटी रुमालाने झाकून, कारखान्याच्या दाराबाहेर बॉबिनच्या उलट्या खोक्यावर जाऊन बसत. आत जात नसत. पुकारा व्हायचा होता. पहिले काही आठवडे चाचांना तो करायची लाज वाटली. “बुजुर्ग आदमी को ऐसे कैसे बुलाऊँ?” पण नाझरसाहेब हलेचनात आणि दूध नासायची वेळ यायची. शेवटी चाचांनी आतून आवाज दिला, “नाझरसाब, हाजिर हो!” नाझरसाहेबांनी मान वर केली. “नाझरसाब, हाजिर हो!” त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. “नाझरसाब, हाजिर हो!” आणि ते उठले.

पुढे पुढे चाचांनाही त्याची गोडी लागली. ते लांबलचक सूर काढून पुकारत. चांदनीसुद्धा तिसऱ्या पुकाऱ्यानंतरच खोक्यावरून खाली उतरायची; आधी उतरून उपयोग नाही हे तिला कळलं होतं. ती दूध प्यायची, नाझरसाहेब बघत उभे राहायचे. त्यांनी तिला कधी हात लावला नाही. मग चाचा चहा मागवायचे, आणि दोघं म्हातारे त्या बंद पडलेल्या लूमच्या मधे बसून, कधी नव्हे ते न ओरडता बोलायचे. घरी येताना कोट पांढरा झालेला असायचा. काकू तो झटकायला मागायच्या. “राहू दे,” ते म्हणायचे. “धुऊन-झटकून कुणाचं रूप आता बदलायचं नाही.”

चांदनीला पिल्लं झाली. त्यातलं एक कोनला गेलं. नाझरसाहेबांनी ते न धुता दिलं.

नंतर माझी बदली नाशिककडे झाली. पडघ्यावरून मुंबईला येता-जाता एखाद्या वेळी भिवंडीला उतरून जाई. मग तेही राहिलं. दोनेक वर्षांनी पत्र आलं की नाझरसाहेब गेले. मी भेटायला गेलो तो नेमका शुक्रवार निघाला. गाव शांत होतं.

काकूंनी पाणी दिलं.  त्याच म्हणाल्या, “ओट्यावर बसले होते. स्वयंपाक झाला होता. पहिली हाक मारली, दुसरी मारली. मला वाटलं, नेहमीसारखं. तिसरी मारली.” त्यांनी माझ्या हातातला पेला घेतला. “मग मी बाहेर आले, मास्तर.”

त्यांनी रुमालाने झाकलेली दुधाची वाटी माझ्या हातात दिली. “मी देते आता. पण त्यांचं काम, माझ्या हातून रीतसर होत नाही. आज तुम्ही द्या.”

मी वळसा घालून कारखान्याकडे गेलो. दाराबाहेर ते खोकं तसंच उलटं ठेवलेलं होतं. चाचा आत एकटेच होते, आणखी पांढरे झालेले. आता ते सगळंच सूत नव्हतं. चांदनी तिसऱ्या लूममागे बसून दाराकडे बघत होती.

“आईये मास्टरजी,” ते म्हणाले. आम्ही बसलो. ते म्हणाले, “खबर नहीं थी मुझे। मी गावाला गेलो होतो, परत आलो तर जुम्मा. मी आदतीने आवाज दिला. एक बार पुकारा. दूसरी बार पुकारा. बाहर देखा, कोई नहीं. तेवढ्यात भाभीजी दूध घेऊन आल्या, तेव्हा समजलं.”

“मग?”

“मग काय. तीसरी बार नहीं पुकारा.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तीसरी के बाद आदमी नहीं आया तो केस खारिज, असंच सांगायचे ना ते?”

मी हो म्हटलं.

“तो फिर रहने दो,” चाचा म्हणाले. “चालू राहू दे.”

मी वाटी खाली ठेवली. चांदनी खोक्यावरून उतरली नाही. तिचे कान दाराकडे होते.

पंच म्हणून मला एवढंच नमूद करायचं आहे की, माझ्या समक्ष दूध ठेवण्यात आलं. पुकारे दोन झाले आहेत. तिसरा झालेला नाही.